एआय आमच्या क्लायंटचं नाव किती वेळा घेतं, हे मोजायचं कसं? (आकडा एका आठवड्यात 42 वरून 28 वर)

शाहूपुरी_तिसरी_गल्ली (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी राजारामपुरीतल्या एका छोट्या डिजिटल एजन्सीत रिपोर्टिंग बघतो. आमचा एक क्लायंट अमेरिकेतला आहे. ऑनलाइन डॉक्टर गाठून देतो आणि वजन कमी करायची औषधं घरपोच पाठवतो. नाव सांगता येत नाही, करारात बांधलोय.

गुगलवर आपण कितवे येतो याचं त्याला आता फारसं पडलेलं नाही. चॅटजीपीटी, जेमिनाय, पर्प्लेक्सिटी, क्लॉड ही मंडळी लोकांना सल्ला देताना आपलं नाव घेतात का, हे त्याला दर सोमवारी हवं असतं. पद्धत अशी : ठरावीक 40 प्रश्न, प्रश्नात ब्रँडचं नाव नाही. प्रत्येक प्रश्न पाच वेळा, दरवेळी नवं चॅट. एका असिस्टंटची 200 उत्तरं होतात. त्यात नाव किती वेळा आलं त्याची टक्केवारी काढायची.

मागच्या सोमवारी चॅटजीपीटीचा आकडा 42 टक्के होता, या सोमवारी 28. क्लायंट पेटलाय, आणि बॉस म्हणतोय संध्याकाळपर्यंत कारण शोधून दे. असलं काम इथं कुणी केलंय का?

मिसळ_जादा_तर्री

भावा, वजन कमी करायच्या कंपनीचा हिशेब कोल्हापुरात बसून? सकाळी गंगावेशीत दूध कट्टा, रविवारी तांबडा-पांढरा, आणि सोमवारी अमेरिकेला रिपोर्ट. नाद खुळा.

(मला यातलं काही कळत नाही, वाचतोय.)

उद्यमनगरचा_लेथ

दोन आठवड्यांत काय काय बदललं ते आधी सांग. मशीनवर माप चुकलं की आम्ही पहिल्यांदा जॉब बघत नाही, मोजणारं बघतो.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

आमच्या बाजूनं काहीच नाही दादा. खातं तेच, सर्व्हर तोच अमेरिकेतला, प्रश्न आपोआप टाकणारी स्क्रिप्ट तीच. फक्त क्लायंटनं 24 प्रश्न वाढवून दिलेत. साइड इफेक्ट काय, कुणी घेऊ नये, गरोदरपणात चालतं का, असले.

उद्यमनगरचा_लेथ

आणि म्हणे काहीच नाही! जुने 40 बाजूला काढून बघ की.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

काढले. जुन्या 40 प्रश्नांत मागच्या वेळी 200 पैकी 84 उत्तरांत नाव होतं, या वेळी 81. नव्या 24 प्रश्नांच्या 120 उत्तरांत फक्त 9. मिळून 320 पैकी 90, तेच ते 28 टक्के.

म्हणजे घसरण अशी झालेलीच नाही. पण क्लायंटला हे पटेल का? तो म्हणणार, मग नव्या प्रश्नांत आपण का नाही?

संख्याशास्त्राच्या_बाई

पटवायचं नंतर बघू. आधी 84 आणि 81 यांवर बोलते, कारण पुढच्या सोमवारी 76 आले की परत आरडाओरडा होणार.

हे असिस्टंट उत्तर पाठ म्हणून दाखवत नाहीत. पुढचा शब्द कोणता यायची शक्यता किती, ते बघून एकेक शब्द निवडत जातात, आणि त्या निवडीत नशिबाचा भाग मुद्दाम ठेवलेला असतो. त्यामुळे तोच प्रश्न लागोपाठ दोनदा विचारला तरी कंपन्यांची यादी बदलते, क्रमही बदलतो. "आपण तिसऱ्या क्रमांकावर आहोत" हे वाक्य तर रिपोर्टातून काढूनच टाका. तो क्रम पुढच्या चॅटमध्ये टिकत नाही.

आता समजा, एक प्रश्न 20 वेळा विचारला आणि 6 वेळा नाव आलं. तुम्ही लिहिणार 30 टक्के. खरा दर मात्र 15 टक्क्यांपासून 52 टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो, 95 टक्के खात्रीच्या हिशेबानं. 100 वेळा विचारून 30 वेळा आलं तर पट्टा 22 ते 40 असा आवळतो. तुमच्या 200 पैकी 81 चा पट्टा साधारण 34 ते 47 येतो. मागच्या आठवड्याचे 42 त्याच्या आत आरामात बसतात. म्हणून 84 वरून 81 याला बातमी म्हणायचं नाही.

तरी हा पट्टासुद्धा मी जरा उदारपणे दिलाय. तुमची 200 उत्तरं म्हणजे 200 स्वतंत्र माणसं नव्हेत. 40 प्रश्न आहेत आणि प्रत्येकाची पाच भावंडं. "स्वस्तात कुठं मिळेल" या प्रश्नावर तुमचं नाव पाचही वेळा येत असेल आणि "विमा चालतो का" यावर एकदाही नाही, तर तुमच्याकडे माहिती 40 प्रश्नांएवढीच आहे, खरा पट्टा आणखी रुंद. वेळ आणि पैसा मोजका असेल तर तोच प्रश्न जास्त वेळा विचारण्यापेक्षा वेगवेगळे प्रश्न वाढवा. वाढवाल ते मात्र नव्या गटात ठेवा, जुन्या आकड्यात कालवू नका. महागाईचा निर्देशांक काढताना टोपलीतल्या वस्तू बदलल्या की नवी मालिका सुरू करतात, जुनीला तशीच जोडत नाहीत. इथंही तेच.

आणि आलेख काढताना रेघेच्या भोवती तो पट्टा रंगवून दाखवा. क्लायंट वाचणार नाही, पण बघेल.

पन्हाळा_नाका

बाईंनी गणित सांगितलं, मी स्क्रिप्टचं सांगतो. हे काम मी करतो, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पहिलं म्हणजे नाव शोधतोस कसा? अमेरिकेत या धंद्यातल्या कंपन्यांची नावं बघ : रो, फाउंड, कॅलिब्रेट, हिम्स. "फाउंड" हा इंग्रजीतला रोजचा शब्द. उत्तरात "संशोधकांना असं आढळलं" (रिसर्चर्स फाउंड) एवढं वाक्य आलं तरी तुझी स्क्रिप्ट त्याला स्पर्धकाचा उल्लेख धरणार. "रो" तर निम्म्या शब्दांच्या पोटात असतो. तुझ्या क्लायंटचं नाव साधा शब्द नसेलही, पण स्पर्धकांची तुलना देत असशील तर हा कचरा त्यात शिरलेला असणार. नुसता शब्द जुळवून भागत नाही. आधी संशयित वाक्यं वेगळी काढायची, मग वाचायची. दुसऱ्या मॉडेलला वाचायला लावलंस तरी त्यातली मूठभर स्वतः तपास.

आमच्याकडे इथल्या एका क्लायंटसाठी मराठी प्रश्नही असतात. तिथली गंमत निराळी. मौंजारो आणि वेगोवी ही वजन कमी करायची इंजेक्शनं, पण नावं बघ : मौंजारो, माउंजारो, मुंजारो, वेगोवी, वेगोव्ही, एकाच उत्तरात दोन दोन रूपं. वर आपल्या भाषेत नावाला प्रत्यय चिकटतात. "वेगोवीचा", "वेगोवीमुळे", "वेगोवीपेक्षा". शब्द पूर्ण जुळला पाहिजे अशी अट घातली की हे सगळे उल्लेख गळतात. अट काढली की भलतंच काही पकडलं जातं. त्यात पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं शब्द शोधायचं नेहमीचं साधन, रेजेक्स, काना-मात्रांना अक्षर मानत नाही, त्यामुळे शब्द कुठं संपला हे त्याला देवनागरीत नीट कळतच नाही. शेवटी रूपांची आणि प्रत्ययांची यादी हातानं केली. कंटाळवाणं काम, पण दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

दुसरं, प्रश्न कुठल्या दारातून टाकतोस? एपीआयमधून, म्हणजे ॲप न उघडता स्क्रिप्टमधून थेट, वेबशोध बंद ठेवून विचारलंस तर मॉडेल त्याच्या आठवणीतून बोलतं, आणि आठवण जुनी असते. या धंद्यात ते फार महागात पडतं. अमेरिकेत औषधांचा तुटवडा होता तेव्हा सेमाग्लुटाइडच्या (वेगोवीतलं औषध) औषधशाळेत बनवलेल्या स्वस्त नकला विकायला मोकळीक होती. त्या जोरावर कितीतरी टेलिहेल्थ कंपन्या, म्हणजे ऑनलाइन डॉक्टर गाठून देणाऱ्या, वर आल्या. तिर्झेपाटाइडचा (मौंजारोतलं औषध) तुटवडा संपल्याचं तिथल्या औषध नियामकानं, एफडीएनं, डिसेंबर 2024 मध्ये सांगितलं, सेमाग्लुटाइडचा फेब्रुवारी 2025 मध्ये. त्यानंतर घाऊक नकलांचं दार बंद झालं. ज्या मॉडेलची आठवण त्याआधीच थांबली ते अजून जुन्या बाजाराचीच यादी देणार. शोध चालू असेल तर आजची पानं वाचून उत्तर देणार. या दोन्हींची सरासरी काढणं म्हणजे कशाचीच सरासरी नाही. वेगळे रकाने ठेव.

भावाचंही तसंच. वेगोवी विम्याशिवाय स्वतःच्या पैशानं घ्यायची तर ती बनवणाऱ्या नोवो नॉर्डिस्कनं मार्च 2025 मध्ये महिना 499 डॉलर केले, नोव्हेंबर 2025 मध्ये 349. नाव तुझ्या क्लायंटचं, पण भाव जुना सांगितला, तर तो उल्लेख जमेत धरायचा की खर्चात? आकडा म्हणतो जमा. फोनवर शिव्या खाणारी त्यांची सपोर्टची पोरगी म्हणेल खर्च.

आणि तुझा सर्व्हर अमेरिकेत आहे ते बरं आहे. ऑफिसमध्ये कुणी आपल्या मोबाईलवर "बघू तरी काय येतंय" म्हणून विचारून स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकत असेल तर ते रिपोर्टात घेऊ नको. ॲपला ठिकाणाचा अंदाज असतो. इथून विचारलं की रुपयांत भाव येतात, इथल्या ॲपची नावं येतात. मेमरी चालू असेल तर आदल्या गप्पाही उत्तरात मिसळतात. दिवसभर क्लायंटबद्दल विचारणाऱ्या माणसाला क्लायंटचंच नाव दिसलं तर त्यात नवल काय!

मिसळ_जादा_तर्री

हे बाकी खरं. आमच्या मेव्हण्यानं एकदा ट्रॅक्टरचा विषय काढला, तेव्हापासून त्याचं एआय लग्नाच्या पत्रिकेतही शेती आणतंय.

फुलेवाडीची_वहिनी

मी यातली नाही, पण असले प्रश्न विचारणाऱ्यांतली आहे म्हणून लिहिते. थायरॉइड आहे, वजन आहे, आणि घरात दोन लग्नं. रात्री सगळे झोपले की एआयला विचारते.

भाऊ, तुमचे ते 40 प्रश्न कसे आहेत? "वजन कमी करण्यासाठी सर्वोत्तम ऑनलाइन सेवा कोणती" असं असेल तर माझ्या ओळखीतली एकही बाई तसं विचारत नाही. आम्ही विचारतो : "इंजेक्शन बंद केल्यावर वजन परत येतं का", "थायरॉइडची गोळी चालू असताना चालेल का", "एवढे पैसे घालून मळमळच होणार असेल तर कशाला". कंपनी कोणती हे शेवटी विचारते, तेही पाचसहा प्रश्न झाल्यावर, त्याच चॅटमध्ये. तोवर माझा अर्धा निर्णय झालेला असतो. तुम्ही दरवेळी नवं चॅट उघडून एकच प्रश्न विचारता, तसं घरी कुणी बोलत नाही.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

वहिनी, मुद्दा लागला. प्रश्न क्लायंटच्या मार्केटिंगवाल्यांनी लिहिलेत आणि तुम्ही म्हणता तसेच आहेत. "बेस्ट", "टॉप", "अफोर्डेबल".

संख्याशास्त्राच्या_बाई

वहिनींचं म्हणणं माझ्या सगळ्या पट्ट्यांपेक्षा मोठं आहे. नमुनाच भलत्या लोकसंख्येतून घेतला तर पट्टा कितीही अरुंद करा, तो भलत्याच गोष्टीभोवती अरुंद होतो. क्लायंटच्या सपोर्ट चॅटमधून आणि सर्च कन्सोलमधून (गुगलवर काय शोधल्यावर साइट दिसली ते दाखवणारं साधन) लोकांचे खरे शब्द मिळतील. नावगाव काढून मागवा. लागोपाठच्या प्रश्नांची चार-पाच संभाषणंही त्यातूनच बांधता येतील.

संध्याकाळची_ओपीडी

मी डॉक्टर आहे, ताराबाई पार्कात बसतो. दोन दिवस नुसतं वाचत होतो. पण त्या 120 पैकी 9 वर कुणी थांबलं नाही म्हणून लिहितोय.

ते 24 प्रश्न म्हणजे कुणी घेऊ नये, काय धोका, गरोदरपण. त्यांत कंपनीचं नाव कमी आलं याचं क्लायंटला दुःख आहे. मला तर 9 सुद्धा जरा जास्त वाटले.

सेमाग्लुटाइड आणि तिर्झेपाटाइडच्या अमेरिकन वेष्टनावर चौकटीतला इशारा असतो. स्वतःला किंवा घरात कुणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कॅन्सर झाला असेल, किंवा मेन-2 हा आनुवंशिक आजार असेल, तर हे औषध द्यायचं नाही. (वहिनी, नेहमीचा थायरॉइड म्हणजे हे नव्हे, घाबरू नका. पण गोळी चालू आहे हे डॉक्टरांना सांगा.) मूल हवं असेल तर वेगोवी किमान दोन महिने आधी थांबवायची. स्वादुपिंडाला पूर्वी सूज (पॅन्क्रिएटायटिस) आली असेल, पित्ताशयात खडे असतील, तर आधी नीट विचार करावा लागतो. आता एखादी बाई एआयला विचारते, "मला मागच्या वर्षी पॅन्क्रिएटायटिस झाला होता, इंजेक्शन घेऊ का?" याचं चांगलं उत्तर म्हणजे आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला, आणि का, तेही सांगायचं. त्या उत्तराच्या शेवटी "अमुक कंपनीत फॉर्म भरा" असं आलं तर तुमचा आकडा वाढेल आणि उत्तर बिघडेल.

म्हणून विचारतो, त्या 9 उत्तरांत नाव कोणत्या संदर्भात आलंय ते बघितलं का?

औषधाचा गुण नाकारत नाही, गैरसमज नको. 2021 साली छापून आलेल्या सेमाग्लुटाइडच्या स्टेप-1 चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 14.9 टक्के वजन उतरलं, खोटं औषध दिलेल्यांचं 2.4 टक्के. माझ्याकडचे काही पेशंटही घेतात. मौंजारो आपल्याकडे मार्च 2025 मध्ये आलं, वेगोवी जूनमध्ये, तेव्हापासून मोबाईलवर एआयचं उत्तर उघडून "डॉक्टर, हे लिहून द्या" म्हणणारे रोज येतात. कंपनीचं नाव वाचून आलेला आणि धोका वाचून आलेला, दोघांशी बोलायला लागणारा वेळ वेगळा असतो एवढं मात्र सांगतो.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

डॉक्टरसाहेब, तुमचं वाचून नऊच्या नऊ उत्तरं वाचली. चारांत क्लायंटच्याच ब्लॉगचं पान आधार म्हणून दिलंय, मजकूर बरोबर आहे, शिफारस नाही. तीन उत्तरांत "अशा ऑनलाइन सेवा फॉर्मवरच औषध देतात, पूर्ण इतिहास सांगा" असा इशारा, आणि उदाहरण म्हणून नाव. उरलेल्या दोनांत सरळ "इथं सुरुवात करता येईल". त्यातलं एक पित्ताशयाच्या प्रश्नावर आहे.

आमच्या रिपोर्टात नऊही हिरव्या रंगात आहेत.

संध्याकाळची_ओपीडी

पित्ताशयाचं ते एक लाल करा.

जुना_पाटीवाला

चाळीस वर्षं जाहिरातीत काढली, दसरा चौकातले बोर्ड रंगवण्यापासून. एक विचारतो. आकडा कमी आला की पुढचा हुकूम काय येणार, ठाऊक आहे ना? "वाढवा." मग कुणीतरी सुचवणार की रेडिटवर चार खाती काढा, "मी ही सेवा वापरली, अठरा किलो उतरले" असं टाका, एआय तिथूनच उचलतं.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

काका, सुचवून झालंय. कुणी सुचवलं ते विचारू नका.

जुना_पाटीवाला

मग त्याला हे दाखव. अमेरिकेच्या एफटीसीचा (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) खोट्या अभिप्रायांविरुद्धचा नियम ऑक्टोबर 2024 पासून लागू आहे. न वापरलेल्या माणसाचा अभिप्राय, एआयकडून लिहून घेतलेला अभिप्राय, विकत घेतलेला, सगळं त्यात येतं आणि दंडही होतो. जुलै 2025 मध्ये नेक्स्टमेड नावाच्या वजन कमी करायच्याच टेलिहेल्थ कंपनीवर एफटीसीनं कारवाई केली. फसवे दावे आणि अभिप्रायांतली लबाडी असे आरोप होते, दीड लाख डॉलर भरायचं ठरलं. उद्या इथला क्लायंट आला तर कायदा आणखी कडक. औषधं आणि जादुई उपायांच्या जाहिरातींवरच्या आपल्या 1954 च्या कायद्याच्या यादीत लठ्ठपणा आहे, म्हणजे तो बरा करतो अशी औषधाची जाहिरातच करता येत नाही. अमेरिकेत चालतं म्हणून इथं चालेल असं समजू नका.

पन्हाळा_नाका

काका बरोबर. सरळ वाट लांबची आहे, पण आहे. स्वतःच्या साइटवर भाव, कोणत्या राज्यांत सेवा आहे, कुणी घेऊ नये, हे साध्या मजकुरात, तारखेसह. भाव बटणामागे किंवा चित्रात लपवला की शोधणाऱ्या मॉडेलला तो दिसत नाही आणि ते दुसऱ्या कुणाच्या तरी जुन्या यादीतून उचलतं. चुकीची उत्तरं कोणत्या पानावरून आली ते बघून त्या पानवाल्याला दुरुस्ती कळवायची. यानं टक्का वाढेल असं वचन मी कुणाला देत नाही. उत्तरातला भाव बरोबर यायची शक्यता मात्र वाढते.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

सगळ्यांचे आभार. काल कॉल झाला, काय ठरलं ते टाकतो.

खरेदीचे जुने 40 प्रश्न वेगळी मालिका, पट्ट्यासकट. क्लायंटनं 84 आणि 81 यांत फरक नाही हे मान्य केलं, कुरकुरत. सुरक्षेच्या 24 प्रश्नांची टक्केवारी बंद. त्यांची उत्तरं माणूस वाचणार आणि फक्त माहिती बरोबर आहे का, शिफारस जागेला धरून आहे का, एवढंच लिहिणार. सपोर्ट चॅटमधले खरे प्रश्न द्यायला त्यांचा वकील तयार नाही. पेशंटची माहिती आहे म्हणतो, नाव काढून दिली तरी नको. त्यामुळे वहिनींचा मुद्दा अर्धाच सुटलाय. सर्च कन्सोलमधले शब्द मिळणार आहेत.

एक गोष्ट अडली. पित्ताशयाचं ते लाल उत्तर क्लायंटच्या मार्केटिंगला "बेस्ट मेन्शन" म्हणून स्लाइडवर हवं होतं. त्यांच्या मेडिकल डायरेक्टर बाई कॉलवर होत्या, त्यांनीच काढायला लावलं. बॉस माझ्याकडं बघत होता.

फुलेवाडीची_वहिनी

सर्च कन्सोलमध्ये पाचसहा शब्दांचेच प्रश्न दिसतील, भाऊ. एआयला आम्ही परिच्छेद लिहितो. हवं असेल तर मी आणि आमच्या भिशीतल्या बायका मिळून असे प्रश्न लिहून देतो, नाव-गाव न घालता. पण तुम्हाला अमेरिकेतल्या बायकांचे लागणार ना?

संख्याशास्त्राच्या_बाई

क्लायंटसाठी हो, तिथलेच लागतील. त्याला सांगा, तिथं आठ-दहा जणींना मानधन देऊन, कंपनीचं नाव न सांगता, त्या एआयला काय विचारतील ते लिहून घ्या. पेशंट नकोत, म्हणजे वकिलाची अडचण नाही. आणि वहिनी, तुमच्या भिशीचे प्रश्न मला पाठवा. वर्गात नमुना निवड शिकवताना हवेच आहेत.

फुलेवाडीची_वहिनी

पाठवते बाई. मराठीत आहेत आणि शुद्धलेखनाला नावं ठेवायची नाहीत.

पन्हाळा_नाका

उलट तसेच ठेवा वहिनी, एक अक्षर सुधारू नका. "विगोवी" लिहिलेलं असेल तर मला पण एक प्रत. यादीत ते रूप अजून नाही.